परदेशी मदत, विद्यापीठं आणि शिष्यवृत्त्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न साधारण दोन प्रकारची माणसं विचारतात. एक, ज्यांना बाहेर शिकायला जायचंय आणि पैशांची सोय बघायचीय. दुसरी, विद्यापीठात नोकरी करणारी, ज्यांच्या टेबलावर एखाद्या दात्या देशाच्या प्रकल्पाची फाइल अचानक येऊन पडते. विद्यापीठाच्या परदेशी सहकार्याचं काम मी बरीच वर्षं केलंय आणि दोघांनाही तीच ती उत्तरं देत आलोय. म्हणून सगळी एका जागी लिहून ठेवतोय.

परदेशी मदत म्हणजे देणगी असते की कर्ज?

दोन्ही असू शकते. श्रीमंत देशांच्या संघटनेच्या, म्हणजे ओईसीडीच्या विकास सहाय्य समितीने १९६९ साली ‘अधिकृत विकास सहाय्य’ याची व्याख्या केली. पैसा सरकारी हवा, तो कमी उत्पन्नाच्या देशांच्या विकासासाठी हवा, आणि तो अनुदान म्हणून किंवा बाजारापेक्षा चांगल्या सवलतीच्या कर्जाने दिलेला हवा. श्रीमंत देशांनी राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के रक्कम अशी द्यावी, असं उद्दिष्ट संयुक्त राष्ट्रांनी १९७० साली ठरवलं. ते गाठणारे देश तेव्हाही थोडे होते, आजही थोडेच आहेत.

विद्यापीठाच्या हातात पैसा पडतो तेव्हा तो अनुदानासारखाच दिसतो. पण जागतिक बँकेकडून आलेला पैसा बहुतेक वेळा देशाच्या सरकारने कर्जाऊ घेतलेला असतो आणि तो पुढची पिढी फेडणार असते. त्यामुळे ‘फुकटचा पैसा आहे, वर्षअखेर आली, खर्च करून टाका’ असं कुणी बैठकीत म्हणालं, की मी पहिल्यांदा कराराचं पहिलं पान काढायला सांगतो.

शिष्यवृत्तीचा पैसा शेवटी कुठे जातो?

बहुतांशी देणाऱ्या देशातच राहतो. शिक्षण शुल्क तिथल्या विद्यापीठाला, भाडं तिथल्या घरमालकाला, विम्याचा हप्ता तिथल्या कंपनीला. विद्यार्थ्याला त्याचं शिक्षण मिळतं आणि ते मोलाचंच असतं. पण तो ज्या विद्यापीठातून आला, त्याच्या खात्यात यातला एक पैसाही जमा होत नाही.

यापुढची गोष्ट फारशी कुणाला ठाऊक नसते. वर सांगितलेल्या विकास सहाय्य समितीच्या नियमांनुसार, विकसनशील देशांतले विद्यार्थी एखाद्या श्रीमंत देशात येऊन कमी फीमध्ये किंवा विनाशुल्क शिकत असतील, तर त्यांना शिकवण्याचा अंदाजी खर्चसुद्धा त्या देशाला ‘मदत’ म्हणून दाखवता येतो. जर्मनी आणि फ्रान्स यांच्या उच्च शिक्षणाच्या मदतीत हा भाग फार मोठा असतो. त्यामुळे ‘उच्च शिक्षणासाठी अमुक इतके अब्ज’ असा तक्ता दिसला, की त्यातले किती पैसे गरीब देशातल्या विद्यापीठापर्यंत पोचले हे वेगळं विचारावं लागतं.

हे बेकायदा नाही, कुणी लपवतही नाही. पण माझ्या मते शिष्यवृत्ती आणि विद्यापीठाची उभारणी या दोन गोष्टी एका ओळीत मांडणं हीच या क्षेत्रातली सगळ्यात मोठी गफलत आहे. शिष्यवृत्तीने माणूस वर येतो. त्याची संस्था वर येईलच असं नाही. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांतही तेच झालंय. शिक्षणाविषयीच्या उद्दिष्ट ४ मधल्या ‘४.ब’ या लक्ष्यात २०२०पर्यंत विकसनशील देशांसाठीच्या शिष्यवृत्त्या भरीव प्रमाणात वाढवायच्या होत्या. मोजायचं काय, तर शिष्यवृत्त्यांवर किती मदत खर्च झाली ते. विद्यार्थी ज्या विद्यापीठातून गेले, तिथे पुढे काही बदललं का, हे त्या मोजपट्टीत नाहीच.

मग शिष्यवृत्त्या नकोतच का?

हव्यातच! ज्या विषयात देशात पीएचडीची सोयच नाही, तिथे पहिल्या चार-पाच जणांना बाहेर पाठवल्याशिवाय सहाव्याला शिकवणार कोण? युद्धामुळे विद्यापीठं बंद पडलेल्या देशात तर शिष्यवृत्ती हीच एक वाट उरते. मला एवढंच म्हणायचंय, की शिष्यवृत्तीबरोबर त्या माणसाच्या परतीच्या जागेचीही कुणीतरी काळजी घ्यावी.

प्राथमिक शाळा ओस पडल्यात, मग विद्यापीठांना कशाला पैसे?

हा प्रश्न जुना आहे आणि त्याने एका पिढीचं नुकसान केलंय. १९८० आणि ९०च्या दशकांत जागतिक बँकेतल्या अर्थतज्ज्ञांनी, विशेषतः जॉर्ज साखारोपुलोस यांनी, शिक्षणावरच्या खर्चाचा परतावा मोजला. प्राथमिक शिक्षणाचा समाजाला होणारा फायदा सर्वांत जास्त, उच्च शिक्षणाचा कमी, असं उत्तर आलं. धोरणं त्यावर बेतली गेली. आफ्रिकेतल्या कित्येक विद्यापीठांची ग्रंथालयं त्या काळात नवीन नियतकालिकांविना राहिली, पगार घसरले, शिकवणारे निघून गेले.

पुढे २००० साली जागतिक बँक आणि युनेस्को यांनीच बोलावलेल्या कार्यगटाने उलट बाजू मांडली. विद्यापीठाचा फायदा पदवीधराच्या पगारात मोजून भागत नाही. शाळेतला शिक्षक, आरोग्य केंद्रातली डॉक्टर, पुलाचं गणित करणारा अभियंता, सगळे तिथूनच येतात. प्राथमिक शाळा सुधारायची असेल तर तिचे शिक्षक कुणीतरी घडवायला हवेत ना?

‘विद्यापीठ बळकट करणं’ म्हणजे काय? इमारत बांधणं?

इमारत सर्वांत सोपी. तिचं उद्घाटन होतं, कोनशिलेवर दात्याचं नाव येतं, फोटो निघतो. अवघड आहे ते त्यानंतरचं.

एका प्रयोगशाळेत मी पाहिलेलं सांगतो. संस्थेचं नाव सांगत नाही, कारण चूक एकट्या तिची नव्हती. प्रकल्पातून वायू-वर्णलेखन यंत्र आलं होतं, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून दाखवणारं. चांगल्या कंपनीचं, महागडं. मी गेलो तेव्हा त्यावर निळं प्लास्टिकचं आच्छादन होतं आणि आच्छादनावर धूळ. सोबतच्या वहीत शेवटची नोंद दीड वर्षापूर्वीची. बिघाड काय? यंत्र धडधाकट होतं. त्यातली नळी बदलायची होती, आणि त्याला लागणाऱ्या शुद्ध हेलियमचं सिलिंडर संपलं होतं. प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात ‘उपकरणं’ हा रकाना होता, ‘वापरून संपणारं साहित्य’ तीन वर्षांपुरतं होतं, आणि देखभालीचा करार प्रकल्पाच्या शेवटच्या तारखेलाच संपला होता. विद्यापीठाच्या स्वतःच्या अंदाजपत्रकात या यंत्रासाठी ओळच नव्हती. तिथली सहायक मला म्हणाली, “सर, आम्ही ते रोज पुसत होतो. मग पुसणं पण थांबवलं.”

तेव्हापासून कुठलाही प्रस्ताव आला की मी शेवटून वाचतो. प्रकल्प संपल्यावरच्या पहिल्या वर्षी पैसे कोण देणार? नियतकालिकांची वर्गणी कोण भरणार? वीज खंडित झाली तर जनरेटरचं डिझेल कुणाच्या खात्यावर? प्रयोगशाळा सहायकाचं पद मंजूर आहे की प्रकल्पापुरतं? या चार प्रश्नांची उत्तरं लेखी असली, की निम्मी लढाई जिंकली.

बळकटीची खरी कामं अशी दिसायला साधी असतात. परीक्षा विभागाचे अभिलेख नीट ठेवणं, संशोधनाच्या पैशांचा हिशेब वेळेत देऊ शकणारा लेखा विभाग, नैतिकता समिती, नव्या अध्यापकाला पहिल्या दोन वर्षांत थोडंसं संशोधन अनुदान, चालणारं इंटरनेट. अशा कामाला दाता सहजासहजी मिळत नाही, कारण त्याचा फोटो निघत नाही.

असं काम कुठे नीट झालंय का?

झालंय. प्रत्येक ठिकाणाहून शिकण्यासारखी गोष्ट वेगळी आहे.

आयआयटी कानपूरचं उदाहरण मी नेहमी देतो. १९६२ ते १९७२ अशी दहा वर्षं अमेरिकी सरकारच्या मदतीने नऊ अमेरिकी विद्यापीठांचा एक गट तिथे काम करत होता. त्यात एमआयटी होती, प्रिन्स्टन होतं, परड्यू होतं. १९६३ साली आयबीएम १६२० हा संगणक तिथे आला आणि विद्यार्थ्यांना स्वतः प्रोग्रॅम लिहायला मिळाले. सगळे संगणकाबद्दलच बोलतात. मला मात्र त्यातली मुदत आवडते. दहा वर्षं म्हणजे अध्यापकांची एक अख्खी फळी तयार होण्याइतका काळ. पाहुणे प्राध्यापक कानपूरला राहायला आले, तिथल्या लोकांबरोबर अभ्यासक्रम बसवला आणि मग निघून गेले. संस्था आपल्या पायावर चालत राहिली.

युगांडातल्या मकेरेरे विद्यापीठाबरोबर स्वीडनने २००० साली सुरू केलेलं संशोधन सहकार्यही सुमारे दोन दशकं चाललं. तिथे पैसा थेट विद्यापीठाच्या अध्यापकांना पीएचडी करायला दिला गेला आणि सोबत ग्रंथालय, संगणक जाळं, संशोधन प्रशासन यांनाही. माणूस आणि संस्था दोन्हींकडे एकाच वेळी लक्ष देणारा दाता विरळा.

आफ्रिकेतच २००० ते २०१० या काळात कार्नेगी, फोर्ड, मॅकआर्थर, रॉकफेलर आणि नंतर सामील झालेली आणखी तीन अमेरिकी प्रतिष्ठानं यांनी मिळून ४४ कोटी डॉलर दिले. हा खासगी पैसा, सरकारी मदत नव्हे. त्यातला एक भाग मला फार हुशारीचा वाटतो. इंटरनेट तेव्हा उपग्रहावरून येई आणि भयंकर महाग असे. एकेका विद्यापीठाने विकत घेण्याऐवजी अनेकांनी गट करून एकत्र घेतलं, आणि दर खाली आला.

जागतिक बँकेच्या ‘आफ्रिका उत्कृष्टता केंद्रं’ या कार्यक्रमात तऱ्हा आणखी वेगळी आहे. तो २०१४ मध्ये पश्चिम आणि मध्य आफ्रिकेत सुरू झाला. तिथे बराचसा पैसा कामाआधी मिळत नाही, काम दाखवल्यावर मिळतो. शेजारच्या देशांतून किती विद्यार्थी आले, अभ्यासक्रमाला मान्यता मिळाली का, बाहेरून उत्पन्न किती आणलं, यावर हप्ते सुटतात. शिस्त लागते हे खरं. पण ज्या विद्यापीठाकडे सुरुवातीला खर्च करायला गंगाजळीच नाही, त्याची यात ओढाताण होते.

‘सँडविच’ पीएचडी म्हणजे काय?

नोंदणी आपल्या विद्यापीठात किंवा दोन्हीकडे, मार्गदर्शक दोन, आणि संशोधक काही महिने बाहेर, काही महिने घरी. क्षेत्रकाम आणि अध्यापन घरी होतं, मोठ्या यंत्रांवरचं काम आणि अभ्यासक्रम बाहेर. स्वीडनने ही पद्धत बरीच वापरली. घरच्या विभागाशी नाळ तुटत नाही, हा मोठा फायदा. तोटा असा, की घरी असताना विभागप्रमुख तुमच्यावर आठ तास शिकवण्याचा भार टाकतात आणि प्रबंध तिथेच अडतो. अशी पीएचडी घेणार असाल तर घरच्या मुदतीतला अध्यापनाचा भार आधीच लेखी ठरवून घ्या.

हे देश इतका पैसा का देतात?

उदारपणाने देतात, आणि स्वतःच्या कामासाठीही देतात. फुलब्राइट शिष्यवृत्ती १९४६ ची. दुसऱ्या महायुद्धानंतर परदेशात उरलेल्या अमेरिकी युद्धसामग्रीच्या विक्रीतून तिची सुरुवात झाली. १९५१ ला आशियाई देशांच्या विकासासाठीची कोलंबो योजना सुरू झाली, १९५४ पासून जपान सरकारची शिष्यवृत्ती, १९५९ ला ऑक्सफर्डच्या परिषदेतून राष्ट्रकुल शिष्यवृत्ती. १९६० साली मॉस्कोत लोकमैत्री विद्यापीठ उभं राहिलं, पुढच्याच वर्षी त्याला काँगोचे पंतप्रधान पॅट्रिस लुमुंबा यांचं नाव दिलं गेलं. शीतयुद्धाचे दोन्ही गट आशिया-आफ्रिकेतल्या तरुणांना आपल्याकडे बोलावत होते. आज चीन, तुर्किये, हंगेरी हेही त्या रांगेत आहेत. हंगेरीची शिष्यवृत्ती २०१३ ची.

उपकाराच्या ओझ्याखाली वाकायची गरज नाही. त्यांना मित्र हवेत, तुम्हाला शिक्षण हवंय. सौदा स्वच्छ आहे.

शिकून झाल्यावर परत यावंच लागतं का?

योजनेवर अवलंबून. ब्रिटनची चेव्हनिंग आणि ऑस्ट्रेलिया अवॉर्ड्स या दोन्हींत शिक्षण संपल्यावर किमान दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट असते. फुलब्राइटवर अमेरिकेत जाणाऱ्या विद्यार्थ्याला जे-१ व्हिसाच्या नियमाने दोन वर्षं मायदेशात काढल्याशिवाय तिथला काम करण्याचा किंवा कायम राहण्याचा व्हिसा मिळत नाही. युरोपीय संघाच्या इरॅस्मस मुंडुसमध्ये, म्हणजे अनेक विद्यापीठांनी मिळून चालवलेल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांच्या शिष्यवृत्तीत, अशी अट नाही. याशिवाय तुमच्याच सरकारने किंवा नोकरी देणाऱ्या संस्थेने बाँड लिहून घेतला असेल तर तो वेगळा. त्यात जामीनदार कोण आणि दंडाची रक्कम किती, हे सही करण्याआधी घरच्यांसमोर बसून वाचा. जामीनदार बहुधा काका नाहीतर मोठा भाऊ असतो, आणि नोटीस त्याच्या दारात येते.

बुद्धीच्या गळतीबद्दल तावातावाने बोलणाऱ्यांना मी एवढंच विचारतो: परत आलेल्या माणसाला तुम्ही कुठलं टेबल दिलं? पाच वर्षं अद्ययावत प्रयोगशाळेत काम केलेली बाई परत आल्यावर तिला वेळापत्रक समितीचं काम आणि बंद पडलेला संगणक मिळाला, तर अट संपताच ती जाणारच. बाँडने माणसाचं शरीर थांबतं. त्याचं काम चालू राहायचं तर संस्था लागते.

अर्जात सगळ्यात जास्त चुका कुठे होतात?

पात्रतेच्या अटी शेवटी वाचतात, इथे. चेव्हनिंगला २,८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो, म्हणजे साधारण दोन वर्षांचा. जर्मनीच्या डाडच्या, म्हणजे तिथल्या शैक्षणिक देवाणघेवाण संस्थेच्या, विकासविषयक पदव्युत्तर अभ्यासक्रमांना पदवीनंतरचा दोन वर्षांचा अनुभव लागतो, आणि शेवटची पदवी साधारण सहा वर्षांपेक्षा जुनी चालत नाही. इरॅस्मस मुंडुसचा अर्ज मध्यवर्ती कार्यालयाकडे जात नाही, तो अभ्यासक्रम चालवणाऱ्या विद्यापीठांच्या गटाकडे थेट करायचा असतो.

दुसरी चूक निवेदनात. ‘लहानपणापासून मला विज्ञानाची आवड होती’ हे वाक्य निवड समितीने इतक्यांदा वाचलेलं असतं की डोळा थांबतच नाही. विकासाच्या पैशातून येणाऱ्या शिष्यवृत्तीला हे कळायला हवं असतं, की तुम्ही कुठल्या अडचणीवर काम करता आणि परत गेल्यावर ते कुठे बसून कराल. एक मुलगी माझ्याकडे निवेदन घेऊन आली होती. पहिली दोन पानं देशाच्या पाणीप्रश्नावर. तिसऱ्या पानाच्या तळाशी एकच ओळ, की ती तीन वर्षं गावोगावच्या विहिरींचे नमुने घेऊन फ्लोराइड मोजतेय. ती ओळ आम्ही वर आणली, पहिली दोन पानं काढून टाकली.

तिसरी चूक शिफारसपत्रात. मोठ्या पदावरच्या, पण तुम्हाला न ओळखणाऱ्या माणसाच्या पत्रापेक्षा, तुमचं काम रोज पाहिलेल्या साध्या व्याख्यात्याचं पत्र भारी पडतं.

शिष्यवृत्तीत खर्च सगळा भागतो का?

पूर्ण शिष्यवृत्तीत शुल्क, विमानभाडं, विमा आणि विद्यावेतन येतं. इरॅस्मस मुंडुसचं विद्यावेतन महिन्याला १,४०० युरो आहे. अडचण येते ती पहिल्या महिन्यात. घराची अनामत लगेच भरायची असते, बँकेत खातं पत्त्याची नोंदणी झाल्याशिवाय उघडत नाही, आणि खात्याशिवाय विद्यावेतन येत नाही. पहिल्या सहा आठवड्यांचे पैसे जवळ ठेवूनच निघा. ते नसतील तर निघण्यापूर्वीच कार्यक्रमाच्या समन्वयकाला स्पष्ट लिहा. बऱ्याच ठिकाणी आगाऊ रकमेची सोय असते, पण मागितल्याशिवाय कुणी देत नाही.

‘शिष्यवृत्ती मंजूर, फक्त प्रक्रिया शुल्क भरा’ असा मेल आलाय.

भरू नका. फसवणूक आहे. वर नाव घेतलेल्या सरकारी शिष्यवृत्त्यांपैकी एकही मंजुरीसाठी पैसे मागत नाही.

निर्वासित विद्यार्थ्यांसाठी काही आहे का?

संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेची ‘दाफी’ शिष्यवृत्ती १९९२ पासून आहे. जर्मन सरकारच्या पैशाने सुरू झालेली. ज्या देशात आश्रय मिळालाय, तिथल्याच विद्यापीठात पदवीसाठी ती मिळते. २०३०पर्यंत १५ टक्के निर्वासित तरुण उच्च शिक्षणात असावेत, हे त्या संस्थेचं उद्दिष्ट. जुनी कागदपत्रं हरवली असतील तरी अर्ज सोडू नका, आधी स्थानिक कार्यालयात विचारा.

मदत मध्येच थांबली तर काय?

हा प्रश्न पूर्वी क्वचित यायचा, आता रोज येतो. २०२१ मध्ये ब्रिटनने मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ वरून ०.५ टक्क्यांवर आणली, तेव्हा चालू संशोधन प्रकल्पांचे पैसे अर्ध्यावर कापले गेले. २० जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेने परदेशी मदत ९० दिवसांसाठी थांबवली. म्यानमारच्या विद्यार्थ्यांसाठीचा साडेचार कोटी डॉलरचा शिष्यवृत्ती कार्यक्रम रद्द झाला. ओमानमध्ये शिकणाऱ्या ऐंशीहून जास्त अफगाण मुलींना परत जावं लागेल असं सांगण्यात आलं, आणि त्यांच्या देशात मुलींना विद्यापीठाचे दरवाजे बंद आहेत. १ जुलै २०२५ ला अमेरिकेची परदेशी मदत वाटणारी यूएसएड ही संस्थाच बंद झाली. त्या मुलींच्या बातम्या वाचताना मला माझ्या ओळखीचे सगळे चेहरे आठवले, जे एका ईमेलवर विसंबून घर सोडून गेले होते.

तुमच्यावर ही वेळ आली तर पहिल्याच दिवशी चार गोष्टी करा. आतापर्यंतची सगळी गुणपत्रकं आणि पूर्ण झालेल्या श्रेयांकांचं प्रमाणपत्र शिक्का मारून घ्या, कारण दुसऱ्या विद्यापीठात जायचं तर तेच कामी येईल. विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात प्रत्यक्ष जाऊन शुल्कमाफी आणि आपत्कालीन निधीबद्दल विचारा, मेल करून थांबू नका. व्हिसा कुठल्या तारखेपर्यंत आणि कशाच्या आधारावर वैध आहे, हे लेखी घ्या. आणि मार्गदर्शकाला सांगा. लाजेने हेच शेवटी केलं जातं. पण मी पाहिलेल्या दोन प्रकरणांत उरलेल्या सत्राचे पैसे विभागाच्याच संशोधन निधीतून निघाले, ते मार्गदर्शकाने त्याच आठवड्यात अर्ज केला म्हणून.